फेव्हिकॉल पसरायची आठ अवजारं, माझ्या पडवीत वर्षभर वापरलेली

गेल्या चवथीला तीन दिवस राहिले होते आणि शेजारच्या वाड्यावरच्या मावशी चौरंग घेऊन दारात उभ्या. "बाय गो, बघ हे काय झालं ते." फणसाच्या चार फळ्या जोडून मी तो दोन वर्षांपूर्वी करून दिला होता. मधल्या सांध्यात पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट पडली होती. गणपती बसायचा चौरंग! मी त्यांना आत बसवलं, आमच्या घरातला चौरंग त्यांच्या हाती दिला आणि तो उघडलेला ठेवून घेतला.

रात्री पाचर घालून सांधा पुरता उकलला. दोन्ही टोकांना गोंद नीट धरला होता, इतका की लाकडाचे तंतू त्याच्याबरोबर उपटून आले होते. मध्ये मात्र वीतभर पट्टा कोरडा. रंध्याची चकाकी जशीच्या तशी. तिथे गोंद कधी पोचलाच नव्हता. बाटलीतून नागमोडी रेघ ओढली, फळ्या क्लॅम्पमध्ये आवळल्या, कडेने चार थेंब बाहेर आले, म्हणजे आत सगळीकडे लागला असं मी धरून चालले होते. चूक लाकडाची नव्हती, फेव्हिकॉलचीही नव्हती. गोंद पसरवायला मी हातात काही घेतलंच नव्हतं.

तेव्हापासून वर्षभर मी गोंद पसरायची जी जी अवजारं मिळाली ती वापरून पाहिली. काही विकत आणली, काही घरी केली, एक मामंजींनी करून दिलं. त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे माझं मत कुठून येतं ते कळेल. मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते. मागच्या पडवीत पाट, चौरंग, भाजी चिरायच्या फळ्या आणि चवथीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायच्या, चौकटी करते. शिकले मामंजींकडून. ते मेस्त, सगळी हयात लाकडात गेली. त्यांच्या उमेदीत सरस वापरायचे, जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला. तो रात्रभर पाण्यात भिजवायचा, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचा, उकळू द्यायचा नाही, आणि ऊन ऊन असतानाच कुंचल्याने भराभर फासायचा. फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आला आणि हळूहळू सरसाचं भांडं माळ्यावर गेलं. कुंचला मात्र तसाच राहिला. थंड, दाट, पांढऱ्या गोंदाला तो जमतो का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता.

किती गोंद लागतो, हे मला आधी ठरवायचं होतं. टायटबॉन्ड या अमेरिकन गोंदाच्या माहितीत १ गॅलनला साधारण २५० चौरस फूट असं प्रमाण दिलेलं असतं. आपल्या मापात १ लिटरमध्ये सुमारे ६ चौरस मीटर. म्हणजे थर साधारण ०.१६ मिलीमीटर, वहीच्या दोन कागदांएवढा. भाजी चिरायची फळी मी आठ पट्ट्यांची करते. पट्टी ४५० मिलीमीटर लांब, २५ जाड. सात सांधे. सगळे मिळून हिशेब येतो १३ मिलिलिटरचा. एक मोठा चमचाभर! मी त्या फळीला वाटीतला निम्माअधिक गोंद ओतत होते आणि तरीही कुठेतरी कोरडं राहत होतं. गोंद कमी पडत नव्हता, सारखा बसत नव्हता.

सारखा बसतो की नाही ते पाहायला मी एका जुन्या खिडकीची काच घेतली. पट्टीला गोंद लावायचा आणि दुसऱ्या पट्टीऐवजी काच दाबायची. खालचं सगळं दिसतं. जिथे हवा अडकली तिथे डाग, जिथे गोंद नाही तिथे लाकडाचा रंग. ज्याला कुणाला स्वतः पारख करायची आहे त्याने हे एकदा करावंच. एका पट्टीत जे कळतं ते दहा वर्षांच्या सवयीतून कळत नाही.

पहिला नंबर लावला रंगाच्या ब्रशचा, एक इंची, हार्डवेअरच्या दुकानातला, तीसेक रुपयांचा. माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे. गोंद पसरतो, पण केस सोडतो, आणि सांध्यात अडकलेला केस पॉलिशखाली कायमचा दिसत राहतो. वापरल्यावर धुवायला पाच मिनिटं उशीर झाला तर मुळाशी गोंद घट्ट होतो, दुसऱ्या दिवशी ब्रश म्हणजे दांडकं. याहून मोठा दोष त्याच्या पत्र्यात आहे. केस बांधून ठेवणारी ती पत्र्याची पट्टी गंजते. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, तो थोडा आम्लही असतो, त्यामुळे गंज लवकर धरतो. मी एका जुन्या घराच्या वाशांतून मिळालेल्या ऐनाच्या फळीला असा ब्रश लावला आणि सकाळी सांध्याच्या कडेने निळसर काळी रेघ उमटलेली. मामंजी लगेच म्हणाले, "ही शाई आहे." आणि खरंच ती शाईच. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करत, लोखंड आणि हिरड्यातला तुरटपणा मिळून काळा रंग होतो. ऐन हा हिरड्याच्याच कुळातला. ती रेघ रंध्याने काढली, पण मिलीमीटरभर लाकूड गेलं. ऐन किंवा खैर असेल तर लोखंडाचा पत्रा असलेलं काहीही ओल्या गोंदाजवळ नेऊ नका.

बोटाबद्दल मी वाईट बोलणार नाही. छोट्या सांध्याला बोटासारखं अवजार नाही. थर कुठे पातळ, कुठे जाड, कुठे रंध्याचा ओरखडा राहिलाय, सगळं कळतं. अडचण एवढीच की सात सांध्यांना बोट फिरवेपर्यंत पहिला सांधा सुकायला लागतो, आणि मग त्याच गोंदाच्या बोटांनी क्लॅम्प धरायचे. इथे एक सवय मोडावी लागली. आपल्याकडे फणस कापायचा तर आधी हाताला खोबरेल लावतात, चीक चिकटू नये म्हणून. मी तेच करत असे, गोंदाचं काम काढण्याआधी हाताला तेल. ते कधीही करू नये. तेलाचं बोट ज्या जागी लागलं तिथे गोंद धरत नाही, पॉलिशही बसत नाही. हात धुवायला साधं पाणी पुरतं, गोंद ओला असेतोवर.

आता सिलिकॉनचा ब्रश. लाकूडकामासाठी म्हणून मिळतो, एका टोकाला आखूड जाड काड्या, दुसऱ्या टोकाला चपटं पातं. मी मागवला तो अडीचशे रुपयांना पडला. मला आधी महाग वाटला. आता वाटत नाही. सिलिकॉनला फेव्हिकॉल धरतच नाही. धुवायची गरज नाही, तसाच ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी वाळलेला गोंद चिमटीत धरून ओढला की सापाच्या कातीसारखा अख्खा निघून येतो. पाऊस असो, नळाला पाणी नसो, काही अडत नाही. आणि त्यात लोखंड नाही, त्यामुळे ऐनालाही चालतो.

काचेखाली बघितलं तर याचा थर कडेला थोडा जाड आणि मध्ये पातळ येतो. दोन हात फिरवले, एक लांबीने आणि एक आडवा, की सारखा होतो. २५ मिलीमीटरच्या कडेला तो अगदी मापाचा. रुंद फळीवर मात्र काम रेंगाळतं, हात दुखतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तव्याला तेल लावायचे सिलिकॉनचे ब्रश मिळतात, स्वस्त. मी एक आणून पाहिला. काड्या लांब आणि लुळ्या, गोंद ढकलला जात नाही, नुसता हलतो. कात्रीने दीड सेंटिमीटरवर कापल्या तेव्हा जमला. पण नवा घ्या. स्वयंपाकघरातला, तेलाला लागलेला, पडवीत आणू नका. कारण वर सांगितलंच.

रुंद कामाला मात्र दातेरी पत्रा. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण वर्षभरात मला सगळ्यात जास्त समाधान याने दिलं. प्लायवर सनमायका बसवणाऱ्या सुतारांना तुम्ही पाहिलं असेल. फेव्हिकॉल ओततात आणि एका पत्र्याने शेत कोळपल्यासारखा ओढत जातात. मागे गोंदाच्या बारीक सरी राहतात, सारख्या उंचीच्या. युक्ती त्या सरींमध्येच आहे. सपाट पातं फिरवलं तर थर तुमच्या मनगटाच्या दाबावर ठरतो, इथे जोर पडला की गोंद खरवडला जातो, तिथे हलका पडला की साचतो. दाते असले की थर दात्याची खोली ठरवते. त्रिकोणी दात्यांतून राहिलेला गोंद सपाट झाला की त्याची उंची खोलीच्या निम्मी होते. सरींमधली हवाही दाबताना सरीच्या वाटेने बाहेर जाते. काचेखाली मला हवेचा एकही डाग दिसला नाही.

माझा पहिला पत्रा म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं. इंचाला २४ दाते असलेलं. त्याच्या दात्यांची खोली अर्धा मिलीमीटर धरा, म्हणजे थर पाव मिलीमीटरच्या आत. लागतो त्याहून थोडा जास्त, आणि तो थोडा जास्तच हवा असतो, कारण दाबल्यावर कडेने बाहेर यायला काहीतरी उरलं पाहिजे. चुकून मिळालेलं माप, पण बरोबर मिळालं. सागाला आणि फणसाला ते मी पुष्कळ महिने वापरलं, प्रत्येक वेळी धुऊन पुसून. गंजू नये म्हणून त्याला तेलाचा हात देता येत नाही, हे लक्षात ठेवावं लागतं, आणि पावसात ते एका रात्रीत तांबूस होतं.

म्हणून मग सनमायकाचा तुकडा. तळहाताएवढा कापून घेतला, सरळ कडेला तिकोनी कानशीने दाते पाडले, एकमेकांना चिकटून, अर्ध्या मिलीमीटरपेक्षा थोडे खोल. एका बाजूला बारीक दाते, दुसरीला जरा मोठे, तिसरी बाजू सपाट. दहा मिनिटांचं काम. गंजत नाही, वाकत नाही, वाळलेला गोंद दोन्ही हातांनी जरा लवचवला की तडकून पडतो. दुकानात मिळणारा प्लास्टिकचा दातेरी पत्राही मी घेतला होता. त्याचे दाते फरशीच्या कामाच्या मापाचे, खोल, त्याने लाकडावर गोंदाचा चिखल झाला. तो दोष त्या वस्तूचा म्हणता येणार नाही, मी चुकीच्या कामाला आणला. पण लाकडाला म्हणून घ्यायला गेलात तर दाते नखाने तपासून घ्या, मिलीमीटरहून खोल असतील तर ठेवून द्या.

मामंजींनी करून दिलेलं अवजार म्हणजे सोडणाचा, नारळाच्या वरच्या सालीचा, कुंचला. नारळाच्या ओल्या सोडणाची दोन बोटं रुंद चीर घ्यायची, एक टोक लाकडी हातोड्याने ठेचत राहायचं, मऊ गर निघून नुसता काथ्या उरेपर्यंत. दुसरं टोक तसंच राहतं, तीच मूठ. चुना काढायला असले कुंचले पूर्वी घरोघर असत. याचे केस गळत नाहीत, कारण ते बांधलेले नसतात, सोडणातूनच आलेले असतात. काथ्या राठ, त्यामुळे दाट गोंद खडबडीत लाकडात नीट घोळला जातो. करवतीने कापलेली, रंध्याला न लागलेली कड असेल, माटोळीच्या पट्ट्यांची असते तशी, तर मला याच्याहून चांगलं काही मिळालं नाही. एक वापर झाला की चुलीत.

त्याची एक खोड मात्र आहे. सोडण पाण्यात तांबूस रंग सोडतं. शिवणीसारख्या फिक्या लाकडावर मी तो घाईने वापरला आणि सांध्याजवळ चहाच्या पाण्यासारखी झाक आली. आधी दोनतीन वेळा पाणी बदलून भिजवायचा, पाणी स्वच्छ येईतो, मग झटकून वापरायचा. मामंजींना हे माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. माटोळीबद्दल ओघात आलं म्हणून सांगते: तिच्यावर नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, किती भार येतो ते ठाऊकच आहे. खाचा कितीही नीट चिकटवल्या तरी ती नुसत्या गोंदावर टांगू नका. आडव्या पट्ट्यांना स्क्रू हवेच.

रोलरचं थोडक्यात. रबरी रोलर मोठ्या प्लायला छान, माझ्या कामाला मोठा. धुवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन फळ्या होतात. स्पंजचा रोलर घेऊच नये. निम्मा गोंद पितो, उरलेल्यात फेस करतो.

कुसवाच्या सांध्याला, म्हणजे एका लाकडाचं तासलेलं टोक (कुसू) दुसऱ्याच्या भोकात बसवतात त्याला, चौरंगाच्या पायांना असतो तसा, मी चिव्याची चोय वापरते. बांबूची वीतभर काडी, टोक पटाशीसारखं तासलेलं. गोंद भोकाच्या भिंतींना आतून लावायचा. नुसता कुसवाला लावला तर आत ठोकताना तोंडाशीच खरवडून निघतो आणि आत कोरडं राहतं. भोकाच्या तळाशी मात्र साचू द्यायचा नाही. आरपार नसलेल्या भोकात जास्तीच्या गोंदाला जायला वाट नसते, तो कुसवाला बाहेर ढकलतो, आणि जोराने ठोकलं तर पाय उभा चिरतो. चोयीने हे सगळं हाताला कळतं. फुकट, शंभर करून ठेवते.

जुन्या खुर्च्या डगमगायला लागल्या की लोक माझ्याकडे आणतात. सांधा पुरता उकलायचा नसेल तर औषधाच्या दुकानातली ५ मिलिलिटरची सिरिंज. गोंद दाट असेल तर पाण्याचे थेंब घालावे लागतात, पण शंभराला पाचपेक्षा जास्त नाही, नाहीतर जोर जातो. याने तात्पुरतं जमतं, कायमचं क्वचितच. कारण नवा फेव्हिकॉल जुन्या वाळलेल्या फेव्हिकॉलला धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. मी गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगते.

अवजार कुठलंही असो, आपल्या हवेचं भान ठेवावं लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी दारातून वारा येत असेल तर पाच-सात मिनिटांत गोंदावर साय धरते. मी तेव्हा सकाळी सातला गोंद लावते, पंखा बंद, सगळ्या पट्ट्या आणि क्लॅम्प आधी कोरडेच लावून बघून. दातेरी पत्र्याचा वेग इथे कामाला येतो. आठ पट्ट्या शेजारीशेजारी उभ्या लावून एका ओढीत सगळ्या कडांना गोंद लागतो. पावसाळ्यात उलट. लाकूडच ओलं, पाणी जायला जागा नाही. जुलैमध्ये मी क्लॅम्प रात्रभर सोडत नाही, आणि पट्ट्या आधी आठवडाभर चुलीच्या खोलीत ठेवते. भांड्याबरोबर भिजणाऱ्या फळ्यांना फेव्हिकॉल मरीन, बाकी साध्याला साधा.

दाबल्यावर सांध्याच्या दोन्ही अंगांना मोहरीएवढे थेंब, ओळीने, सारख्या अंतरावर आले की समजा पसरलं. ओघळ आले तर जास्त झालं. मधेच मोहरी दिसेनाशी झाली तर तिथेच उघडा, गोंद ओला आहे तोवर. हे थेंब ओल्या फडक्याने पुसू नका, पातळ होऊन लाकडाच्या छिद्रांत जातात आणि पॉलिश लावलं की पांढुरके डाग उमटतात. रबरासारखे झाले की पटाशीने उचला. उन्हाळ्यात अर्ध्या तासात होतात, पावसात तासभरही लागतो.

आज माझ्या खिळ्यावर तीनच अवजारं टांगलेली आहेत: सिलिकॉनचा ब्रश, सनमायकाचा पत्रा, आणि डब्यात चोयी. सोडण दारात असतंच. ज्याला एकच घ्यायचं आहे त्याने सिलिकॉनचा ब्रश घ्यावा, आणि सनमायकाचा तुकडा दुकानदाराकडे मागावा, कापलेले तुकडे ते टाकूनच देतात. गडद रंगाचा मागा. पांढरा गोंद त्यावर नीट दिसतो.

मावशींचा चौरंग मी त्या रात्रीच पुन्हा घेतला. दोन्ही कडा जुना गोंद जाऊन लाकूड दिसेपर्यंत रंधल्या, त्यामुळे तो मूळच्यापेक्षा चार मिलीमीटर अरुंद झाला, ते त्यांना सांगितलं. चवथीच्या आदल्या दिवशी पोचवला. यंदाच्या पावसात दोनदा त्यांच्याकडे जाऊन सांध्यावरून नख फिरवून आले. नख कुठे अडलं नाही.